घरचा गोंगाट

१

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज नळाचा, दुसरा माझ्या खोकल्याचा आणि तिसरा लेकीच्या दुर्बिणीचा. दुर्बीण घरात नाही. ती वर, पृथ्वीभोवती फिरत असते. पण तिचा आवाज लेकीनं फोनवर घेतलाय. उठली की फोन खिडकीत उभा करते आणि त्यातून टिकटिक सुरू होते, कोरडे वाटाणे ताटात सांडावेत तशी. आम्ही दोघंच घरात, तिची आई लवकर गेली, म्हणून घरात काहीतरी वाजत असलेलं मला बरंच वाटायचं.

डोळ्याला न दिसणारा फार तिखट उजेड असतो म्हणे, गॅमा किरण, तो पकडायची ही दुर्बीण. लेक तिथे नेमकं काय करते हे मला बरीच वर्षं उमगत नव्हतं. शेवटी तिनंच एकदा माझ्या भाषेत सांगितलं.

"बाबा, तुम्ही शिवायला बसलात की मशीनचा आवाज ऐकू येतो का तुम्हाला?"

"छे. बंद पडलं की कळतं."

"तेच माझं काम. आमची दुर्बीण फिरताफिरता एका जागेवरून जाते, तिथे बारीक कणांचा नुसता मारा असतो. त्या माऱ्यानं तिचं स्वतःचंच अंग चाळवतं. बाहेर पडल्यावरही बराच वेळ ते टिकटिकत राहतं, आकाशातून काही आलेलं नसलं तरी. आम्ही त्याला घरचा गोंगाट म्हणतो. तो ओळखायचा आणि वजा करायचा. उरेल ते आकाशाचं."

"म्हणजे एवढी शिकलीस ती वजाबाकी करायला?"

"हातचे घेऊन करते हो," ती म्हणाली आणि माझ्या ताटातलं उकडलेलं अंडं उचलून पळाली.

२

त्या दुर्बिणीला माझाही हात लागलाय. मी शिंपी. साध्या कपड्यांपेक्षा जाड कामात माझा हात बसलेला: तंबू, गाद्या, यंत्रांची आच्छादनं. दुर्बिणीला वर थंडी वाजू नये म्हणून चकचकीत पापुद्र्यांची रजई घालतात, आणि ती मशीनवर होत नाही, अंगावरच शिवावी लागते. म्हणून आम्हा दोघा शिंप्यांना बोलावलं होतं. दुसऱ्याला आम्ही ढब्बू म्हणायचो. का ते सांगायला नको.

जाड रजईला दोन माणसं लागतात. एक बाहेर, एक आत. बाहेरच्यानं सुई आत ढकलायची, आतल्यानं धरून परत बाहेर ढकलायची. एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या. आतल्यानं बोटावरच्या धातूच्या टोपीनं, अंगुस्तानानं, दोनदा टकटक केली की समजायचं, बोट बाजूला आहे, सुई येऊ दे. बाहेरच्यानं तीनदा ठोकलं की काम संपलं, बाहेर ये. त्या तीन ठोक्यांशिवाय आतल्यानं जागा सोडायची नाही. सुई कुठे अर्धवट असेल, टाका कुठे ढिला असेल, हे आतल्याला दिसत नसतं. आमच्या धंद्यातली पहिली शिस्त हीच.

ढब्बू दुर्बिणीच्या आत शिरताना कमरेशीच अडकला. सगळे हसले, तोही हसला, पण काम अडलं. तेव्हा माझी लेक पुढे झाली. ती तिथे नुकतीच लागली होती. लहानपणापासून इतकी बारीक की मी तिला सुतळीच म्हणायचो. माझ्या मशीनखाली बसूनच ती मोठी झाली. रजई ताणून बांधली की ही आतल्या बाजूला, इवल्याशा बोटात आईचं अंगुस्तान, आणि टकटक. खुणा तिला बाराखडीच्या आधी आल्या.

ती खालच्या झडपेतून आत गेली आणि उकिडवी बसली. दिवसभर आम्ही शिवलं. मी बाहेरून सुई, ती आतून टकटक. मध्येच मी विचारी, "सुते, आहेस ना?" उत्तर बोलून नाही, टकटक करूनच यायचं.

शेवटच्या शिवणीची गाठ मी मारली. दोरा दातानं तोडायची माझी सवय, पण तोंडाला फडकं बांधलेलं, म्हणून कात्री घ्यायला वळलो. परत बघतो तर सुतळी झडपेपाशी उभी, टोपी काढून केस झटकतेय.

"अगं, मी ठोकलं कुठे अजून?"

"मला वाटलं झालं," ती म्हणाली.

मी तिला हात दिला. हात गार होता. ती खोलीच गार होती. फिटरनं झडपेतून दिवा आत मारून बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाला, आणि स्क्रू पिळून झडप बंद केली. घरी येताना मी लेकीला चिडवलं, की म्हाताऱ्याची शिस्त पार विसरलीस. ती हसली.

हे इतकंच झालं. यात विशेष काही नव्हतं.

३

मग दुर्बीण वर गेली, वर्षं गेली, आणि लेकीला जेवण अळणी लागायला लागलं.

"बाबा, भाजीत मीठ विसरलात."

मी चाखली. मीठ होतं. "जीभ बघ तुझी, ताप असेल."

ताप नव्हता. ती मिठाचं भांडं जवळ ओढून बसायला लागली. आधी चिमूट, मग चमचा. अंड्यावर इतकं मीठ की पिवळं दिसेना. आणि खाताना चेहरा असा, जणू कागद चावतेय. मी भांडं लपवलं तर तिनं ते शोधून काढलं. ती कधी रागावली नाही. तिच्याकडे बघून मलाच कसनुसं व्हायचं.

डॉक्टर ओळखीचे. रक्त तपासलं. म्हणाले, "अंगात मीठ फार कमी आहे. घाम खूप येतो का गं?"

"घाम येतच नाही हल्ली."

"एवढं खातेस, घाम नाही, उलटी नाही. मग मीठ जातंय कुठे?" असं म्हणून ते हसले आणि गोळ्या लिहून दिल्या. आम्हीही हसलो.

त्याच आठवड्यात ती कामावरून आली आणि पर्सही न ठेवता दारातच म्हणाली, "बाबा, वर मीठ सापडलंय."

"कुठे वर?"

"दुर्बिणीत. माऱ्यानंतर प्रत्येक वस्तूची टिकटिक वेगळी असते. तांब्याची वेगळी, सोन्याची वेगळी. आम्हाला सगळ्या पाठ आहेत. ही मिठातली आहे. थोडी ॲल्युमिनियममधूनही निघते, पण ती वजा करूनही उरते. आणि वाढतेय."

"वर कोण मीठ नेऊन ठेवणार?"

"तेच ना. मोठ्या बाई म्हणतात, शिवणाऱ्यांना विचारा."

४

मोठ्या बाई म्हणजे तिथल्या प्रमुख. करारी, पण माणुसकीच्या. मला खुर्ची दिली, चहा दिला आणि मग विचारलं.

"आजोबा, दोष द्यायला नाही बोलावलं. पण रजईच्या आत काही राहिलं असेल का? रुमाल, डबा, हातमोजा?"

"बाई, आत गेलेली प्रत्येक सुई बाहेर आली. फिटरनं दिवा मारून बघितलंय."

"माहितीय. त्याची सही आहे." त्यांनी डोळे चोळले. "झालंय असं, की घरचा गोंगाट इतका वाढलाय, आकाशाचं काही ऐकूच येत नाही. कारण सापडलं नाही तर दुर्बीण खाली पाडावी लागेल. समुद्रावर, जळत. सुरक्षित पाडण्यापुरतंच इंधन आहे, ते संपायच्या आत."

लेक खिडकीपाशी उभी होती. तिनं मान वळवली नाही. तिच्या सगळ्या तरुणपणाचं ते काम. मला तिच्याकडे बघवेना.

"तुम्ही ऐका तर," बाई म्हणाल्या. "इथे आम्ही फक्त मिठाची टिकटिक वेगळी काढलीय."

खोलीत भिंतीला मऊ फळ्या होत्या, त्यामुळे आपला श्वासही जवळून ऐकू यायचा. एका कर्ण्यातून आवाज सुरू झाला. टक टक. मग शांत. टक टक. मग शांत.

चहाचा कप माझ्या हातात होता. तो मी सावकाश खाली ठेवला.

"जोडीनं येतात," मी म्हटलं.

"मिठाची रीतच तशी, बाबा," लेक खिडकीपासूनच म्हणाली. "त्यातून दोन किरण लागोपाठ निघतात."

"लागोपाठ नाही, एकदमच," बाई म्हणाल्या. "मध्ये ही एवढी फट असायला नको. ती कुठून येते ते आम्हालाही कळत नाही."

मी मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या, तुझे कान आयुष्यभर हेच ऐकत आलेत. तुला दाराच्या कडीतही अंगुस्तान ऐकू येईल. बाईंना सांगायचं काय, आणि कोणत्या तोंडानं? मी विचारलं ते दुसरंच.

"इथून तिथे आवाज जातो का हो?"

"आवाज नाही. पण खुणेचे ठोके पाठवतो कधीकधी, यंत्र जागं आहे का बघायला. तुमची लेकच पाठवते."

५

निघताना लेकीनं मला तिच्या टेबलापाशी थांबवलं. पडद्यावर राखाडी चौकोन होते, काही फिके, काही गडद. जुन्या चिंध्यांची रजई असते ना, तसं.

"मारा संपला की दुर्बिणीचं अंगच मिणमिणत असतं," ती म्हणाली. "त्या उजेडात ती स्वतःच्याच आतलं बघते. हे त्या मिठाचं चित्र. दर फेरीला हा डाग इथेच. हलत नाही, नुसता भरत चाललाय. तुम्हाला काही ओळखू येतं का?"

मी चष्मा पुसला. ठिगळांतून आकार बघायची मला सवय आहे. लांबून, डोळे बारीक करून बघायचं. आधी मला गुडघे दिसले, छातीशी घेतलेले. मग वाकवलेली मान. एक हात वर, बरोबर त्या उंचीवर जिथे मी शेवटची शिवण घातली होती. सुई धरायला बोट बाजूला ठेवावं तसा.

"काय दिसतं?"

"ठिगळं," मी म्हणालो.

"मलाही तेवढंच," ती म्हणाली आणि पडदा बंद केला.

बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. दुर्बीण पाडायचं जवळजवळ ठरलंच होतं, आणि पाडायचा हुकूम वर पाठवणार तीच. मी तिला थोपटलं, लहानपणी करायचो तशी गालाची पापी घेतली. ओठाला आसू लागलं.

त्याला चव नव्हती. नळाच्या पाण्याला तरी चव असते.

६

माणसाला एखादी गोष्ट खरी वाटायला लागली की तो ती खोटी ठरवायची वाट शोधतो. मीही शोधली. घरात एक जुनी रजई उसवलेली होती. ती मी बैठकीच्या खोलीत दोरीवर ताणून बांधली. दुपार होती, ऊन आत आलेलं, खाली कोणी सायकलची घंटी वाजवत होतं. लेकीला म्हटलं, "सुते, जरा आतल्या बाजूला बसतेस? पूर्वीसारखं."

"बसते की," ती म्हणाली. तिच्या आईचं अंगुस्तान मी तिला दिलं. तिनं ते बोटात घातलं, फिरवून बघितलं.

रजईच्या पलीकडे तिची सावली बसली. मी सुईचं टोक कापडाला लावलं आणि थांबलो.

खूप थांबलो. नळ ठिबकत होता.

"काय झालं बाबा? घाला ना टाका."

"तू तयार आहेस?"

"हो, बसलेय की केव्हाची."

मी सुई ढकलली. जरा जोरातच गेली असेल. पलीकडे काहीतरी मऊ लागलं. कोणीही "आई गं" म्हणेल. ती काही म्हणाली नाही. मी रजई बाजूला सारली. ती आपल्या बोटाकडे बघत होती, कोणाच्या तरी दुसऱ्याच्या बोटाकडे बघावं तशी. बोटावर थेंब होता. स्वच्छ, पाण्यासारखा. त्यातून तिच्या बोटावरच्या रेषा दिसत होत्या.

"टकटक करायची असते," मी म्हटलं.

"कसली टकटक?"

खिडकीत तिचा फोन होता. त्यात वाटाणे सांडतच होते. आणि त्यांच्यातून मला आता नीट वेगळं ऐकू यायला लागलं. टक टक. बोट बाजूला आहे. सुई येऊ दे.

७

आदल्या संध्याकाळी मी तिला विचारलं. आदल्या म्हणजे पाडायच्या. स्वयंपाकघरात ती जेवत होती, मी समोर बसलो होतो. मला जेवण गेलं नव्हतं. किती वर्षं ती दुर्बिणीत तशीच बसलीय, हात वर धरून, म्हाताऱ्याचे तीन ठोके यायची वाट बघत, हेच मनात येत होतं. ती शिस्तीची पोर. न सांगता बाहेर यायची नाही.

"तू वर खुणेचे ठोके पाठवतेस ना?"

"पाठवते."

"उद्या हुकूम द्यायच्या आधी तीन पाठवशील? नुसते तीन. एवढं ऐक माझं."

"तीन कशाला?"

"आत कोणी असेल तर त्याला कळायला हवं, काम संपलं. बाहेर यायला हवं."

मला वाटलं, ती हसेल. बाबा, तुम्हाला आराम हवाय, म्हणेल. देवाशपथ, मला तेच हवं होतं.

ती हसली नाही. तिनं चमचा ताटाला समांतर ठेवला. माझ्याकडे बघितलं, खूप मायेनं बघितलं, ते खोटं नव्हतं. इतकी वर्षं माझं दुखणंखुपणं तिनंच काढलंय.

"नको, बाबा," ती हळूच म्हणाली. "बाहेर आल्यावर ती राहणार कुठे?"

मग तिनं मिठाचं भांडं पुढे ओढलं.

८

पाडताना मी तिथे होतो. बाईंनी मुद्दाम बोलावलं, म्हणाल्या, तुमचीही होती ती. मऊ भिंतींची तीच खोली, सगळे उभे. लेक टेबलाशी बसून एकेक हुकूम देत होती, हात अगदी स्थिर. कर्णा चालू होता. शेवटपर्यंत टक टक येत राहिलं, घाई नाही, आरडाओरडा नाही. मी भिंतीला तीनदा ठोकलं. मऊ फळीतून आवाज निघाला नाही. शेजारच्यानं मला धरून खुर्चीत बसवलं. मग कर्ण्यातून काहीच येईना. कोणीतरी नाक ओढलं. बाईंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

त्या रात्री ती पोटभर जेवली. म्हणाली, "आज भाजी मस्त झालीय हो, मीठ अगदी बरोबर." मिठाच्या भांड्याला तिनं हात लावला नाही, तेव्हापासून लावलेला नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त उत्तम. हल्ली तिला घाम येतो, जिना चढली की कपाळ पुसते. लोक म्हणतात, आजोबा, लेक कशी टवटवीत दिसतेय. दिसते खरी. खिडकीतला फोन आता गप्प असतो.

मी चांगलंच मानायचं ठरवलं होतं. म्हाताऱ्याला दुसरं काय उरतं? मनाला म्हटलं, हा सगळा तुझ्या डोक्यातला गोंगाट, वजा कर. आणि वेळ जायला ती ताणलेली रजई पुन्हा शिवायला घेतली. एकट्यानं. एकट्यानं शिवायचं तर प्रत्येक टाक्याला उठून पलीकडे जावं लागतं, सुई ओढावी लागते, परत यावं लागतं. मला घाई नव्हती.

आज संध्याकाळी मी सुई ढकलली आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला. उठायच्या आत सुई परत आली. नीट, सरळ, माझ्या टाक्याला लागून.

स्वयंपाकघरात नळ चालू होता. लेक भांडी घासत होती, गुणगुणत होती. अंगुस्तान रजईच्या पलीकडे, खाली जमिनीवर ठेवलेलं होतं, त्या दिवसापासून तसंच.

टक टक.

मी पलीकडे जाऊन बघितलं नाही. मी दोरा ओवला आणि पुढची सुई आत ढकलली, आणि ती परत आली, आणि मी पुन्हा ढकलली. अंधारून आलं तरी आम्ही शिवत होतो. आता एकच टाका राहिलाय, आणि मग गाठ, आणि मग तीनदा ठोकायचं.

"झालं का हो बाबा?" लेकीनं स्वयंपाकघरातून विचारलं. नळ बंद झाला होता. तिची पावलं दारापर्यंत येऊन थांबली. "संपलं का तुमचं काम?"

"नाही गं," मी म्हटलं. "अजून थोडं राहिलंय."